जुना मिक्सर घेताना : ऐकून नव्हे, पारखून



वर्षभरात आपल्या संस्थेचे किती कार्यक्रम होतात याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १४ एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा, वर्षावासाची सांगता, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरचे अभिवादन, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, शिवाय विद्यार्थ्यांचा गुणगौरव. या प्रत्येक प्रसंगी लाऊडस्पीकर लागतो आणि प्रत्येक वेळी साउंडवाल्याचे भाडे द्यावे लागते. त्यामुळे 'एक जुना मिक्सर आपणच विकत घेऊन टाकू' असा विचार सर्वसाधारण सभेत केव्हा ना केव्हा निघतोच. विचार वाईट नाही. परंतु तो पुरता न पारखता अमलात आणला तर काय होते, याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक जुना मिक्सर आणला. नाव मोठे होते, रंग चकचकीत होता आणि दुकानात दहा मिनिटे लावून पाहिला तेव्हा आवाजही स्वच्छ आला. जयंतीच्या रात्री कार्यक्रम सुरू होऊन तासभर झाला आणि भीमगीत रंगात आले असताना ढोलकीचा आवाज गेला. पाठोपाठ कोरस गेला. ऐन गाण्यात चार चॅनेल मुके झाले. गायकाने माइक बाजूला ठेवून खड्या आवाजात गाणे पूर्ण केले, लोकांनीही टाळ्या दिल्या. पण मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत शब्द पोहोचले नाहीत. पुढे कारागिराने मिक्सर उघडला तेव्हा समजले, की पॉवर सप्लायमधले एक डाखण सुटत आलेले होते. थंड असताना ते चिकटून राही, तापले की सुटे. दहा मिनिटांच्या तपासणीत ते कळणे शक्यच नव्हते. तो पैसा सभासदांच्या मासिक वर्गणीतला होता. म्हणूनच हा लेखप्रपंच.

मिक्सर करतो तरी काय?

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माइकमधून येणारा विद्युत संदेश अतिशय क्षीण असतो, व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका. मिक्सरचे पहिले काम तो कामापुरता मोठा करण्याचे. हे काम प्रत्येक चॅनेलच्या सुरुवातीचा प्रीअॅम्प करतो आणि त्याचा नॉब म्हणजे 'गेन'. दुसरे काम त्या आवाजाचा पोत सुधारण्याचे. त्यासाठी बास, मिड, ट्रेबलचे नॉब असतात. तिसरे काम सगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करण्याचे. त्यासाठी खाली सरकत्या पट्ट्या, म्हणजे फेडर असतात. आणि चौथे काम तयार झालेले मिश्रण निरनिराळ्या ठिकाणी पाठविण्याचे. प्रेक्षकांकडे एक मिश्रण जाते, गायकापुढच्या मॉनिटर स्पीकरकडे दुसरे आणि इको देणाऱ्या यंत्राकडे तिसरे. या वेगळ्या वाटांना 'ऑक्स' म्हणतात.

ऑक्स दोन प्रकारचे असतात व हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'प्री' ऑक्सवर फेडरचा परिणाम होत नाही. म्हणून तो मॉनिटरसाठी वापरावा; आपण प्रेक्षकांचा आवाज कमी-जास्त केला तरी गायकाला स्वतःचा आवाज तसाच ऐकू येतो. 'पोस्ट' ऑक्स फेडरबरोबर कमी-जास्त होतो. तो इकोसाठी योग्य. गायकाचा फेडर बंद केला की त्याचा इकोही थांबतो. आपल्या कामासाठी निदान दोन प्री आणि एक पोस्ट असे तीन ऑक्स हवेत.

आधी गरज मोजा

बाजारात जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. एका भीमगीत पार्टीचा हिशेब पाहू: गायक १, गायिका १, कोरस २, हार्मोनियम १, ढोलकी २, तबला २, बेंजो १, सिंथेसायझर २, ऑक्टोपॅड २, निवेदक १, भाषणाचे व्यासपीठ २ आणि वंदना किंवा ध्वनिफीत वाजविण्यासाठी मोबाईल अगर लॅपटॉपचे २. एकूण झाले १९. म्हणजे १६ चॅनेल अपुरे पडतात आणि २४ चॅनेलमध्ये पाच हाताशी राहतात. केवळ वंदना, प्रवचन आणि दोन-तीन वक्ते एवढेच काम असेल तर ८ ते १२ चॅनेल पुष्कळ झाले. मोठ्या यंत्राचा मोह धरू नये. न वापरलेले चॅनेलही धूळ खातात आणि बिघडतात.

येथे एक मेख आहे. मिक्सरच्या नावातला आकडा म्हणजे माइकच्या जागांची संख्या नव्हे. स्टिरिओ चॅनेल एक असला तरी तो दोन मोजला जातो. उदाहरणार्थ, यामाहाच्या 'एमजी १६ एक्सयू' या मिक्सरच्या नावात १६ आहेत, पण त्यात माइक लावता येतात १०. म्हणून नावावर न जाता, माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटी मागच्या बाजूने स्वतः मोजाव्यात.

अॅनालॉग की डिजिटल?

जुन्या बाजारात दोन्ही जातीचे मिक्सर मिळतात. अॅनालॉग मिक्सरमध्ये प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब असतो. डोळ्यांना दिसते ते हाताने फिरवायचे. नवशिक्या विद्यार्थ्याला शिकवायला यासारखे साधन नाही, आणि एखादा चॅनेल बिघडला तर बहुतेक वेळा बाकीचे चालू राहतात. तोटे म्हणजे वजन, जागा आणि मंचापासून मिक्सरपर्यंत ओढावी लागणारी जाड मल्टिकोअर केबल. शिवाय कॉम्प्रेसर, इको, ग्राफिक इक्वलायझर ही यंत्रे बाहेरून जोडावी लागतात.

डिजिटल मिक्सरमध्ये ही यंत्रे आतच असतात आणि एका कार्यक्रमाची मांडणी साठवून पुढच्या वेळी परत आणता येते. यामाहाचा 'एम ७ सीएल' २००५ मध्ये आणि बेहरिंजरचा 'एक्स ३२' २०१२ मध्ये बाजारात आला. यासारखी यंत्रे आता जुन्या बाजारातही दिसतात. परंतु डिजिटल मिक्सर हा मूलतः संगणक आहे. त्याचा मुख्य बोर्ड गेला तर एक चॅनेल नव्हे, सगळा मिक्सर बंद पडतो. जुन्या मॉडेलचे सुटे भाग कालांतराने मिळेनासे होतात. आणि जनरेटर क्षणभर जरी अडखळला तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत सभा मूक राहते. म्हणून डिजिटल घेतल्यास चांगल्या यूपीएसचा खर्च त्यातच धरावा.

ज्या संस्थेत चालविणारी माणसे बदलत असतात आणि दुरुस्तीचा कारागीर जवळपास आहे, तिने अॅनालॉग घ्यावा. ज्या संस्थेत एक-दोन तरुण मन लावून शिकणारे आहेत व मोठे गाण्याचे कार्यक्रम वारंवार होतात, तिने डिजिटलचा विचार करावा, असे माझे मत आहे.

पारखण्याची रीत

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावी कालामांना जो उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे. परंपरेने आले, कुणी मोठ्याने सांगितले, ऐकीव आहे, एवढ्यावर विसंबून एखादी गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः तपासून पाहावी, हा त्याचा आशय आपण जाणतो. तोच विवेक येथेही वापरावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, गेलात किंवा एखाद्या साउंडवाल्याच्या गोदामात गेलात, तरी 'साहेब, एकदम ओके माल आहे' या वाक्याला पुरावा मानू नये.

सोबत न्यावयाच्या वस्तू : एक साधा डायनॅमिक माइक, दोन एक्सएलआर केबली, दोन जॅक केबली, मोबाईलला जोडण्याची केबल, बंद कानांचा हेडफोन, मल्टिमीटर, टॉर्च आणि वही. तपासायला निदान दोन तास हवेत. विक्रेत्याला तेवढा वेळ नसेल तर तो मिक्सर आपल्यासाठी नाही असे समजावे.

१. बाहेरून पाहणी. हरवलेले स्क्रू, वाकलेला पत्रा, तुटलेले नॉब पाहावेत. फेडरच्या फटीत टॉर्च मारून चहा-सरबताचे चिकट डाग पाहावेत. मागच्या सॉकेटींवर हिरवट थर असेल तर यंत्र दमट हवेत पडून होते असे समजावे; कोकणपट्टीत व मुंबईत हा दोष फार. जळका वास येत असल्यास पुढे पाहूच नये.

२. व्होल्टेज. परदेशातून आलेली यंत्रेही जुन्या बाजारात असतात. आपली वीज २३० व्होल्टची. जपानची १०० आणि अमेरिकेची १२०. मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते वाचल्याशिवाय प्लग लावू नये. पॉवर सप्लायची पेटी वेगळी असेल तर ती आणि तिची खास केबल सौद्यातच मिळायला हवी. नंतर तशी मिळणे कठीण जाते.

३. तापवणे. यंत्र सुरू करून एक तास चालू ठेवावे आणि मगच खरी तपासणी करावी. आमची चूक नेमकी येथे झाली. तासानंतर यंत्रावर तळहाताने हलकेच थापटून पाहावे. खरखर किंवा आवाजात खंड पडल्यास आत डाखण सुटले आहे किंवा पट्टी-केबल ढिली झाली आहे.

४. शांततेची परीक्षा. सर्व फेडर खाली ठेवून हेडफोन लावावा, मग मुख्य फेडर वर न्यावा. बारीक, एकसारखी 'सूंऽऽ' चालेल. पण 'घूंऽऽ' असा जाड आवाज आला तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता असते किंवा अर्थिंगचा दोष असतो. दुसऱ्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून खात्री करावी.

५. एकेक चॅनेल. एकच माइक, एकच केबल, गेन एकाच खुणेवर, आणि तोंडापासून अंतरही तेच ठेवून क्रमाने प्रत्येक चॅनेलमध्ये 'एक, दोन, तीन' म्हणावे. सर्वांचा आवाज सारखा यायला हवा. एक्सएलआरची पहिली पिन आवरणाची, दुसरी आणि तिसरी संदेशाच्या. यातली एक तुटली तरी काही चॅनेलमध्ये आवाज येत राहतो, पण क्षीण आणि घरघर घेऊन येतो. म्हणून 'आवाज येतो ना' एवढ्याने समाधान मानू नये. शेजारच्या चॅनेलशी ताडून पाहावे.

६. फँटम पॉवर. कंडेन्सर माइकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात. मल्टिमीटर डीसीवर ठेवून पिन १ व २ आणि मग पिन १ व ३ यांमध्ये मोजावे. दोन्ही ठिकाणी ४४ ते ५२ च्या दरम्यान आणि परस्परांशी जवळजवळ सारखे व्होल्ट यावेत. हे बटन दाबताना मुख्य फेडर नेहमी खाली असावा, नाहीतर स्पीकरमध्ये मोठा धक्का बसतो.

७. नॉब आणि फेडर. मोबाईलवर संथ संगीत लावून प्रत्येक नॉब व फेडर टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. थोडी खरखर धुळीची असते; इलेक्ट्रॉनिक कामासाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते. कुलपाला वा सायकलच्या साखळीला मारायचा तेलकट फवारा मात्र फेडरमध्ये कधीही मारू नये. फेडर एका ठरावीक जागी दर वेळी आवाज सोडत असेल तर आतली पट्टी झिजली आहे. तो बदलावाच लागेल. असे किती आहेत ते वहीत लिहावे.

८. इन्सर्टचे सॉकेट. चॅनेलच्या मागे इन्सर्टचे जॅक सॉकेट असते. त्यात काही लावलेले नसताना संदेश आतल्या स्प्रिंगच्या पत्तीतून पुढे जातो. ती पत्ती काळवंडली की चॅनेल मधूनच जातो-येतो. जॅक चार-सहा वेळा आत-बाहेर केल्यावर आवाज परतला, तर दोष किरकोळ आहे. पुष्कळदा 'मेलेला चॅनेल' म्हणून स्वस्तात निघालेला मिक्सर एवढ्यानेच जिवंत होतो.

९. बाहेर जाणाऱ्या वाटा. मुख्य डावी-उजवी, प्रत्येक ऑक्स, ग्रुप, हेडफोन आणि मीटर तपासावेत. चॅनेल सगळे चांगले आणि मॉनिटरचा ऑक्स बंद, असेही घडते.

१०. डिजिटल असल्यास. पडद्याचा प्रत्येक कोपरा बोटाने दाबून पाहावा. एक मांडणी साठवावी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे व ती परत आणावी. मोटारवर चालणारे सर्व फेडर एकाच वेळी जागेवर गेले पाहिजेत. घड्याळ किंवा साठवलेली मांडणी पुसली जात असेल तर आतला नाण्याच्या आकाराचा सेल संपला असू शकतो. हा खर्च लहान आहे. मंचावरचा स्टेज बॉक्स वेगळा घ्यायचा असल्यास तो त्याच मिक्सरशी जुळतो का हे प्रत्यक्ष जोडून पाहावे. एकाच आकाराचे सॉकेट असले म्हणजे दोन यंत्रांची भाषा एकच असते असे नाही.

पैशाचा हिशेब

हिशेब समजावा म्हणून कल्पित आकडे घेतो. समजा मिक्सर ४०,००० रुपयांना मिळाला. फेडर, सफाई व दुरुस्ती ८,०००; पेटी आणि केबली १२,०००. एकूण खर्च ६०,०००. स्वतःचा मिक्सर असल्याने वर्षाकाठी भाड्यात १२,००० वाचतात असे धरले, तर पैसा वसूल व्हायला पाच वर्षे लागतील. आता स्वतःला विचारावे, की हे यंत्र पाच वर्षे टिकेल का? आणि भाडे खरेच तेवढे कमी होईल का? कारण अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि टेम्पो साउंडवाल्याकडूनच येणार असतील, तर काही साउंडवाले मिक्सरचे वेगळे पैसे कमी करीत नाहीत. हे आधी बोलून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले तर मिक्सर न घेणे हाही योग्यच निर्णय ठरतो. त्या रकमेत चांगले माइक, स्टँड आणि केबली घेतल्या तर भाड्याच्या साउंडवरही फरक ऐकू येतो.

खरेदीला एकट्या पदाधिकाऱ्याने जाऊ नये. तिघांनी जावे, त्यांपैकी एकाला तरी यंत्राची जाण असावी आणि विक्रेत्याशी कोणाचे नातेसंबंध नसावेत. तपासणीची वही कार्यकारिणीपुढे ठेवून ठराव करावा. पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक आणि निदान पंधरा दिवसांची परतीची मुदत लिहून घ्यावी. विक्रेत्याकडे जुने बिल मागावे. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, तो माल घेऊ नये. न दिलेले घेणार नाही, असे शील आपण दररोज ग्रहण करतो. चोरीचा माल स्वस्त मिळाला म्हणून घेणे हा त्याचाच भंग होय. तसेच उद्या आपण आपला मिक्सर विकायला काढला, तर त्यातले दोष घेणाऱ्याला सांगूनच विकावा. सम्यक वाचा ही केवळ विहारात बसून पाळायची गोष्ट नाही.

घेतल्यानंतर

यंत्र सुरू करताना मिक्सर आधी आणि अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी आणि मिक्सर शेवटी. हा एक नियम पाळला तरी स्पीकरचे आयुष्य वाढते. मिक्सरवर चहाचा कप ठेवू देऊ नये. कापडी आच्छादन घालावे आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात कार्यक्रम नसला तरी पंधरवड्यातून एकदा तासभर चालू करावा. एक नोंदवही ठेवावी : कोणी नेला, कोणी आणला, काय बिघडले. जबाबदारी दोन सभासदांकडे असावी.

मिक्सर मोठा घेतला म्हणून माइकची शिट्टी थांबत नाही, हेही ध्यानात असावे. शिट्टी होते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरल्याने. स्पीकर माइकच्या पुढे ठेवणे, माइक तोंडाजवळ धरणे आणि न लागणारे चॅनेल बंद ठेवणे हाच त्यावर पहिला उपाय. आणि आवाज स्पष्ट असावा, कर्कश नसावा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई करतात. शासन वर्षातील ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. शेजारच्या घरात आजारी माणूस किंवा दहावीचा विद्यार्थी असतो, हे कायद्याने सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

भीमराव कर्डकांचे जलसे निघाले तेव्हा गावोगावी लाऊडस्पीकर नव्हते. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांच्या पिढीने मिळेल त्या माइकवर बाबासाहेबांचा विचार घराघरांत नेला. त्यांच्या आवाजाची ताकद आपल्याकडे नसेल, पण तो विचार आजच्या श्रोत्यांपर्यंत स्वच्छ पोहोचवण्याची जबाबदारी आपली आहे. संस्थेने मिक्सर घेतला तर दर रविवारी विहारात तो लावून दोन-चार मुला-मुलींनी शिकावे. मुलींनी मागे राहू नये. या कामाला बळ लागत नाही, कान आणि शिस्त लागते. ही विद्या पुढे पोटापाण्यालाही उपयोगी पडते.

त्या रात्री माइक बंद पडल्यावरही गायक गात राहिला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका आजीने विचारले, "बाळा, शेवटचं कडवं काय होतं रे?" तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. पुढच्या जयंतीला तिच्यासारख्या प्रत्येक माणसाला शेवटचे कडवे ऐकू यावे, एवढ्यासाठी हे दोन तासांचे पारखणे करायचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!